वरचा पक्ष, खालचा पक्ष : सामायिक नद्यांच्या कायद्यावरील वाद

एकाहून अधिक देशांतून किंवा त्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या नद्यांची तीनशेच्या वर खोरी जगात आहेत. त्यांचे पाणी कोणी, किती आणि कशासाठी वापरायचे याचे नियम कोणत्याही एका विधिमंडळाने केलेले नाहीत. ते करारांतून, लवादांच्या निवाड्यांतून, राष्ट्रांच्या वहिवाटीतून आणि पुष्कळसे भांडणांतून घडले. शास्त्रग्रंथांतली पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची जुनी रीत म्हणूनच या विषयाला बरी बसते. पुढील मांडणीत वरचा पक्ष म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा देश, आणि खालचा पक्ष म्हणजे ज्याच्याकडे पाणी दुसऱ्याच्या हद्दीतून येते तो देश. दोहोंपैकी कोणताही पक्ष एका देशाचा नाही. चिनाबवर भारत वरचा आहे. ब्रह्मपुत्रेवर तो चीनच्या खाली आणि बांगलादेशाच्या वर आहे. देश एकच असला तरी नदीगणिक त्याचे म्हणणे फिरते, आणि या कायद्याचा बराचसा इतिहास त्या फिरण्याचाच आहे.

नद्यांचा आंतरराष्ट्रीय कायदा सुरू झाला तो नौकानयनापासून. १८१५च्या व्हिएन्ना परिषदेने ऱ्हाइनवरील वाहतुकीसाठी आयोग स्थापला. पुढे १८५६ मध्ये डॅन्यूबसाठीही तसा आयोग आला. बोट गेल्याने नदीतले पाणी कमी होत नाही, म्हणून ते नियम तुलनेने लवकर जमले. कालवे, धरणे आणि वीजघरे आली तेव्हा मात्र एकाच्या वापराने दुसऱ्याचा वाटा घटू लागला आणि वादाला तोंड फुटले.

वरचा पक्ष : माझ्या डोंगरावर पडणारा पाऊस माझा, तिथला बर्फ माझा. जमीन, खनिजे आणि जंगले यांवर माझे सार्वभौमत्व आहे, तर माझ्या हद्दीतून वाहणाऱ्या पाण्यावर ते का नसावे? सीमेपलीकडे जे उरेल ते तुमचे.

खालचा पक्ष : खनिज जागचे हलत नाही, नदी हलते. ती निसर्गतः जशी येत आली तशीच, तितकीच आणि तितकीच स्वच्छ माझ्या हद्दीत आली पाहिजे. तुम्ही ती अडवलीत तर तुमची सत्ता माझ्या शेतापर्यंत पोहोचली असे होईल.

हे दोन्ही दावे टोकाचे आहेत. पहिल्याला निरंकुश प्रादेशिक सार्वभौमत्व म्हणतात, दुसऱ्याला निरंकुश प्रादेशिक अखंडता. पहिल्याचे प्रसिद्ध रूप १८९५चे. कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिकोतील शेतकरी रिओ ग्रांदेचे पाणी कालव्यांत वळवू लागल्याने खाली मेक्सिकोच्या सिउदाद हुआरेस परिसरातली शेती कोरडी पडू लागली. मेक्सिकोने तक्रार केली. अमेरिकेचे अ‍ॅटर्नी जनरल जडसन हार्मन यांनी सल्ला दिला, की आंतरराष्ट्रीय कायद्याने अमेरिकेवर कोणतेही बंधन येत नाही. हाच तो हार्मन सिद्धान्त.

ज्या देशाने तो काढला, त्याने मात्र तो फारसा चालवला नाही. १९०६ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून दरवर्षी ६०,००० एकर-फूट पाणी देण्याचे कबूल केले. हे आपण कायद्याने बांधलेले म्हणून देत नाही, असेही त्याच करारात नोंदवून ठेवले. १९४४च्या करारात कोलोरॅडो नदीचे वर्षाला १५ लाख एकर-फूट पाणी मेक्सिकोला ठरले. तोवर उत्तरेकडच्या सीमेवर दुसरेच चित्र तयार होत होते. कोलंबिया नदी कॅनडातून अमेरिकेत येते, आणि १९०९च्या सीमाजल करारात वरच्या देशाला आपल्या हद्दीतले पाणी वळवण्याचा हक्क अमेरिकेनेच मान्य केलेला होता. १९५०च्या दशकात कॅनडाने कोलंबियाचे पाणी फ्रेझर नदीकडे वळवण्याची भाषा सुरू केली, तेव्हा हार्मनच्या देशाला खालच्या पक्षाचे वकीलपत्र घ्यावे लागले. शेवटी १९६१च्या कोलंबिया कराराने कॅनडाने धरणे बांधायची, आणि त्यांमुळे अमेरिकेत जी जादा वीज निर्माण होईल तिच्यातला निम्मा वाटा कॅनडाला मिळायचा, असे ठरले. पूरनियंत्रणाचा मोबदला वेगळा. इथे पाण्याऐवजी पाण्यापासून होणारा फायदा वाटला गेला. वाटपाच्या भांडणातून बाहेर पडण्याची ही फार फलदायी युक्ती आहे. सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी तर १९७२ मध्ये संयुक्त संघटना काढली, आणि मालीच्या भूमीवरचे मनांताली धरण तिघांच्या सामायिक मालकीचे केले.

दक्षिण आशियात हाच टोकाचा सूर १९४८ मध्ये उमटला. फाळणीने पंजाबच्या कालव्यांची मुखे भारतात ठेवली आणि शेते पाकिस्तानात. 'जैसे थे' करारांची मुदत ३१ मार्चला संपली, आणि दुसऱ्याच दिवशी पूर्व पंजाबने लाहोर आणि दीपालपूरकडे जाणारे पाणी बंद केले. ४ मे १९४८च्या दिल्ली करारात पूर्व पंजाबचा दावा नोंदलेला आहे : आमच्या नद्यांच्या पाण्यावर संपूर्ण मालकी आमची. पाकिस्तानचे म्हणणे, चालू वापराला हात लावता येत नाही. पाणी पुन्हा सुटले, वाद मात्र तसाच राहिला.

वरचा पक्ष : टोकाचे दावे सोडून देऊ. पण मला धरण बांधायचे असेल तर तुमची परवानगी काढावी लागेल, हे कुठल्या न्यायाने?

खालचा पक्ष : ज्याचे नुकसान व्हायचे त्याला विचारू नये, हे तरी कुठल्या न्यायाने?

या प्रश्नाचे उत्तर १९५७ मध्ये लानू सरोवराच्या लवादाने दिले. लानू फ्रान्सच्या पिरेनीज डोंगरात आहे. त्याचे पाणी कारोल नदीतून स्पेनकडे जाते. विजेसाठी ते दुसऱ्या उताराने आरिएज नदीकडे सोडायचे आणि तेवढेच पाणी बोगद्यातून कारोलमध्ये परत आणायचे, अशी फ्रान्सची योजना होती. स्पेनचे म्हणणे, पाणी परत आले तरी ते सोडण्याची चावी फ्रान्सच्या हाती जाते, म्हणून आमची पूर्वसंमती हवी. लवादाने ते मानले नाही. संमतीची सक्ती म्हणजे शेजाऱ्याच्या हाती नकाराधिकार, आणि तसा नियम कायद्यात नाही. मात्र फ्रान्सने स्पेनशी खऱ्या मनाने चर्चा करायला हवी आणि स्पेनचे हितसंबंध विचारात घ्यायला हवेत. केवळ उपचार म्हणून पत्र पाठवून भागत नाही. विचारणे बंधनकारक, मान्य करून घेणे नाही : पुढच्या सगळ्या कायद्याची मेख इथेच ठोकली गेली.

१९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय विधी संघटनेने हेलसिंकी नियम तयार केले. ही विद्वानांची संस्था असल्याने ते नियम कोणत्याही देशावर बंधनकारक नव्हते, तरी त्यांतले 'न्याय्य आणि वाजवी वाटा' हे सूत्र सर्वत्र स्थिरावले. महाराष्ट्रालाही ते परके नाही. कृष्णेच्या पाण्याचा तंटा सोडवताना न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने न्याय्य वाटपाच्याच तत्त्वाचा आधार घेतला, आणि १९७३ मध्ये २,०६० टीएमसीपैकी महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० असे वाटप केले. राज्यांमधल्या आणि राष्ट्रांमधल्या वादांत फरक एवढाच, आणि तो लहान नाही, की राज्यांच्या वर सर्वोच्च न्यायालय आहे. राष्ट्रांच्या वर त्यांच्या संमतीवाचून कोणतेही न्यायालय नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने १९७०च्या दशकात या कायद्याचे संहितीकरण हाती घेतले. मसुदा तयार व्हायला वीसहून अधिक वर्षे लागली, आणि २१ मे १९९७ रोजी महासभेने आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांच्या नौकानयनेतर वापराविषयीचा करार १०३ विरुद्ध ३ मतांनी स्वीकारला. विरोधात चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी, म्हणजे आपापल्या मोठ्या नद्यांवर वरच्या अंगाला बसलेले तिघे. तटस्थ २७, त्यांत भारत आणि पाकिस्तान दोघेही. बांगलादेश आणि नेपाळने बाजूने मत दिले. करार अमलात यायला ३५ देशांची मान्यता लागत होती. पस्तिसावा व्हिएतनाम ठरला आणि करार १७ ऑगस्ट २०१४ रोजी लागू झाला. सतरा वर्षे ही दिरंगाईच. तरीही या करारातले मुख्य नियम रूढ कायदा म्हणून त्याच्या बाहेरच्या देशांनाही लागू पडतात, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात.

खालचा पक्ष : करारातले सातवे कलम वाचा. शेजारी देशाला लक्षणीय हानी पोहोचवू नये यासाठी सर्व योग्य उपाय योजायचे आहेत. माझ्या कालव्यांचे पाणी घटले, म्हणजे हानी झाली. विषय संपला.

वरचा पक्ष : त्याआधी पाचवे आणि सहावे वाचा. वापर न्याय्य आणि वाजवी असावा, आणि न्याय्य काय ते ठरवताना भूगोल, हवामान, लोकसंख्या, सामाजिक-आर्थिक गरजा, चालू आणि संभाव्य वापर, पर्यायी स्रोत हे सगळे तोलायचे आहे. 'संभाव्य' हा शब्द मसुदाकारांनी उगाच घातलेला नाही. तुम्ही शंभर वर्षे आधी कालवे खोदलेत म्हणून माझी पोरे कायम अंधारात राहायची काय?

या दोन कलमांतली ओढाताण हा या कायद्यातला सर्वांत गाजलेला तिढा आहे. 'हानी नको' हे खालच्या पक्षाला आवडते, कारण त्याने आधीच केलेला वापर त्यात सुरक्षित राहतो. 'न्याय्य वाटा' वरच्या पक्षाला आवडतो, कारण उशिरा विकास सुरू करणाऱ्यालाही त्यात जागा आहे. करारानुसार हानी झालीच, तर पाचव्या-सहाव्या कलमांचे भान ठेवून ती दूर किंवा कमी करण्यासाठी आणि योग्य तिथे भरपाईसाठी चर्चा करायची असते. म्हणजे हानी हा आपोआप गुन्हा ठरत नाही. ती न्याय्य वाटपाच्या हिशेबातली एक भारी नोंद ठरते. सातव्या कलमावर हात ठेवून नकार देणाऱ्यांना हे रुचत नाही, पण मजकुराचा सरळ अर्थ तोच निघतो. शिवाय हानी उलट्या दिशेनेही होते. खालचा देश घाईने मोठे प्रकल्प उभारून 'चालू वापर' वाढवून ठेवतो आणि वरच्याचे भविष्यातले हक्क आधीच गिळतो. सलमान या सुदानी विधिज्ञांनी हा मुद्दा नेटाने मांडला आहे. वरच्याने पाणी अडवलेले डोळ्यांना दिसते. खालच्याने हक्क अडवलेला दिसत नाही, इतकेच.

या दोन तत्त्वांशेजारी दोन नियम आहेत. एक, वापरांत संघर्ष आला तर माणसांच्या जगण्याच्या मूलभूत गरजांकडे विशेष लक्ष द्यायचे. दुसरा अधिक कामाचा : दुसऱ्या देशावर लक्षणीय प्रतिकूल परिणाम होऊ शकेल अशा कामाची आगाऊ सूचना तांत्रिक माहितीसह द्यायची आणि उत्तरासाठी सहा महिने थांबायचे. पाण्याचे आकडे एरवीही नियमित द्यायचे.

वरचा पक्ष : सूचना, चर्चा, आकडे, हे सगळे कागदी. नदीत पाणी किती सोडायचे ते याने ठरत नाही.

खालचा पक्ष : प्रत्यक्षात माझे सर्वाधिक नुकसान न सांगितल्यानेच होते. धरणाचे दरवाजे कधी उघडणार हे कळले तर गावे हलवता येतात.

इथे खालच्या पक्षाचे म्हणणे जास्त वजनदार आहे. कोणाचा वाटा किती हे सांगताना न्यायालये चाचरतात. प्रक्रिया मोडली की नाही हे सांगताना चाचरत नाहीत. उरुग्वे नदीकाठच्या कागद-लगद्याच्या कारखान्यांवरून अर्जेंटिनाने उरुग्वेविरुद्ध दावा केला. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले, की प्रदूषणाची मर्यादा मोडल्याचे सिद्ध झाले नाही, पण आधी कळवण्याचे बंधन उरुग्वेने निश्चित मोडले. सीमेपलीकडे मोठा परिणाम संभवत असेल तर पर्यावरणीय आघात मूल्यांकन करणे हे सामान्य आंतरराष्ट्रीय कायद्याचेच बंधन आहे, असेही न्यायालयाने ठरवले. ब्रह्मपुत्रेवर भारताची अडचण नेमकी याच जागी आहे. चीनशी पाणीवाटपाचा करार नाही. पुराच्या मोसमातले आकडे मिळण्यासाठी २००२ पासून सामंजस्य करार होत आले, आणि २०१७च्या डोकलाम तणावाच्या वर्षी आकडे आलेच नाहीत. तिबेटात नदीच्या मोठ्या वळणावर चीनने २०२५च्या जुलैत महाकाय जलविद्युत प्रकल्पाचे काम सुरू केले. तिथे भारत मागतो तो आगाऊ माहिती आणि सल्लामसलत, म्हणजे १९९७च्या करारातलाच मजकूर, ज्यावर त्याने तटस्थ मत दिले होते.

वरचा पक्ष : समजा मी करार केला आणि नंतर तो मला जाचू लागला, तर?

खालचा पक्ष : करार पाळायचा असतो. जाचतो म्हणून सोडता येत नाही.

डॅन्यूबवरच्या गाबचिकोवो-नागीमारोश खटल्यात हाच प्रश्न होता. १९७७ मध्ये हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकियाने संयुक्त धरणयोजनेचा करार केला. पर्यावरणाच्या चिंतेने आणि देशांतर्गत विरोधामुळे हंगेरीने १९८९ मध्ये काम थांबवले आणि १९९२ मध्ये करारच मोडीत काढल्याचे जाहीर केले. दुसऱ्या बाजूने त्याच वर्षी ऑक्टोबरात पर्यायी बंधारा घालून डॅन्यूबचे ८० ते ९० टक्के पाणी आपल्या हद्दीत वळवले. २५ सप्टेंबर १९९७च्या निकालात न्यायालयाने दोघांनाही दोषी धरले. हंगेरीला करार एकतर्फी मोडता येत नव्हता, आणि त्याला उत्तर म्हणून हंगेरीचा न्याय्य वाटाच हिरावून घेणे हे प्रमाणाबाहेरचे होते. करार जिवंत आहे, दोघांनी बसून मार्ग काढावा. तो मार्ग पुढे नीट निघाला नाही, पण कायद्यापुरते दोन मुद्दे पक्के झाले : समोरच्याची चूक ही आपल्याला हवे ते करण्याची सनद नव्हे, आणि चारच महिन्यांपूर्वी स्वीकारलेला, अजून लागूही न झालेला १९९७चा करार न्यायालयाने आधाराला घेतला.

सिंधू जलकराराचा आजचा पेच या पार्श्वभूमीवर पाहावा लागतो. अमेरिकेच्या टेनेसी खोरे प्राधिकरणाचे माजी प्रमुख डेव्हिड लिलिएंथल यांनी १९५१ मध्ये कल्पना मांडली, जागतिक बँकेचे अध्यक्ष यूजीन ब्लॅक यांनी मध्यस्थी केली, आणि १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सह्या केल्या. रावी, बियास आणि सतलज भारताला. सिंधू, झेलम आणि चिनाब मुख्यतः पाकिस्तानला. पश्चिमेकडच्या या तीन नद्यांवर भारताला काही सिंचन आणि वाहत्या पाण्यावरची वीज एवढी मुभा, तीही तपशीलवार अटींत बांधलेली. पाकिस्तानात नवे कालवे बांधण्यासाठी भारताने सुमारे ६ कोटी २० लाख पौंड दिले. हा करार पाण्याच्या वाटपाचा कमी आणि नद्यांच्या फाळणीचा जास्त होता. खोऱ्याचा एकत्र विकास करण्याची लिलिएंथल यांची कल्पना त्यात उरलीच नाही.

खालचा पक्ष : म्हणूनच तो युद्धांतही टिकला. नद्या वेगळ्या झाल्या की रोजचे भांडण उरत नाही.

वरचा पक्ष : टिकला, पण माझ्या सोशिकपणावर. खोऱ्यातले सुमारे ८० टक्के पाणी तुमच्याकडे जाते. आणि मी एखादे वीजघर काढले की तुम्ही तटस्थ तज्ज्ञ नाही तर लवाद मागता.

करारात वाद सोडवण्याच्या तीन पायऱ्या आहेत : दोन्ही देशांचा स्थायी सिंधू आयोग, तटस्थ तज्ज्ञ आणि लवाद न्यायालय. चिनाबवरच्या बगलिहार धरणावर तटस्थ तज्ज्ञाने २००७ मध्ये निर्णय दिला आणि तो बराचसा भारताच्या बाजूचा होता. किशनगंगा प्रकल्पावर लवाद न्यायालयाने २०१३ मध्ये भारताला पाणी दुसऱ्या उपनदीकडे वळवायला परवानगी दिली, पण नदीत किमान ९ घनमीटर प्रति सेकंद प्रवाह ठेवण्याची अट घातली. १९६०च्या मजकुरात पर्यावरणीय प्रवाहाचा विचार नव्हता. न्यायालयाने तो नंतरच्या कायद्यातून आणला. यंत्रणा चालत होती, हे तरी दोन्ही निकाल दाखवतात.

२०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये भारताने करारात बदल करण्यासाठी नोटीस दिली. २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर दुसऱ्या दिवशी भारताने करार स्थगित ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. कराराच्या बाराव्या कलमानुसार दोन्ही सरकारांनी दुसरा करार करून तो संपवेपर्यंत हा करार चालू राहतो. एकतर्फी बाहेर पडण्याची तरतूद नाही.

वरचा पक्ष : परिस्थिती मुळापासून बदलली. सीमेपलीकडून हल्ले होत असताना सद्भावनेवर उभा असलेला करार एकट्याने पाळत बसायचा काय? लोकसंख्या, हवामान आणि ऊर्जेची गरज हेही १९६०चे राहिलेले नाही.

खालचा पक्ष : दहशतवादाचा आरोप हा पाण्याच्या करारातला भंग नव्हे. आणि परिस्थिती बदलल्याची सबब डॅन्यूबच्या खटल्यात हंगेरीनेही दिली होती. ती चालली नाही.

कायद्याच्या निव्वळ कसोटीवर वरच्या पक्षाची बाजू इथे अवघड आहे. परिस्थितीतल्या मूलभूत बदलाचे कारण न्यायालये फार क्वचित मान्य करतात. भारत करारविषयक व्हिएन्ना कराराचा सदस्य नाही, पण त्यातले पुष्कळ नियम रूढ कायद्याचे आहेत. जून २०२५ मध्ये लवाद न्यायालयाने या स्थगितीमुळे आपला अधिकार संपत नाही असे म्हटले. भारताने ते न्यायालयच बेकायदा स्थापन झाले असल्याचे सांगून निर्णय फेटाळला. मात्र कराराची फेरतपासणी हवी, हे भारताचे मूळ म्हणणे निराधार नाही. हिमनद्या, भूजल, गाळ आणि प्रदूषण यांवर साठ वर्षांपूर्वीचा मसुदा फारसे काही सांगत नाही.

वरचा पक्ष : आणि जे करार माझ्याशी न बोलताच झाले, तेही मी पाळायचे?

हा प्रश्न नाईलवरचा आहे. १९२९ मध्ये ब्रिटन आणि इजिप्तने पत्रव्यवहाराने ठरवले, की ब्रिटिश अमलाखालच्या प्रदेशांत इजिप्तच्या संमतीशिवाय नदीवर बांधकाम होणार नाही. १९५९ मध्ये इजिप्त आणि सुदानने वार्षिक ८४ अब्ज घनमीटर प्रवाह आपसांत वाटून घेतला : इजिप्तला ५५.५, सुदानला १८.५, उरलेला बाष्पीभवनाचा. अस्वानला येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के ज्याच्या डोंगरांतून येते त्या इथिओपियाला त्यात एक थेंबही नव्हता, आणि तो या करारांचा पक्षकारही नव्हता. टांगानिकाच्या न्येरेरे सरकारने १९६२ मध्ये १९२९ची व्यवस्था आपल्यावर बंधनकारक नसल्याचे कळवले.

खालचा पक्ष : माझ्याकडे पाऊस जवळजवळ नाही. नाईल गेली तर देश गेला. हजारो वर्षांचा वापर हा हक्क नव्हे तर दुसरे काय?

वरचा पक्ष : तो विचारात घेण्याजोगा घटक आहे, मालकीहक्क नव्हे. आणि मी धरण बांधले ते विजेसाठी. टर्बाइनमधून गेलेले पाणी तुमच्याकडेच येते.

इथिओपियाने ७४ अब्ज घनमीटर साठवणीचे आणि सुमारे ५,००० मेगावॉट क्षमतेचे महाधरण २०११ पासून परकीय मदतीवाचून, रोखे विकून आणि वर्गणी काढून बांधले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. मार्च २०१५ मध्ये खार्टुममध्ये तिन्ही देशांनी तत्त्वांच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या होत्या. त्यात न्याय्य वापर आणि लक्षणीय हानी टाळणे ही दोन्ही तत्त्वे शेजारी-शेजारी आहेत. दुष्काळात किती पाणी सोडायचे तो आकडा नाही. वरच्या देशांनी पुढे रेटलेला खोऱ्याचा सहकार्य करार ऑक्टोबर २०२४ मध्ये इजिप्त आणि सुदानवाचूनच लागू झाला. वरचा म्हणजे बलवान हे समीकरणही नाईलवर अनेक दशके खोटे होते. तिथे खालचा इजिप्तच सैन्याने, पैशाने आणि राजनैतिक वजनाने भारी होता. उलट नेपाळ भारताच्या वर असूनही १९५४च्या कोसी आणि १९५९च्या गंडक करारांत आपल्याला कमी मिळाले ही तक्रार तिथे आजही ऐकू येते.

भूजलाला वर आणि खाली या दिशाच नीट लागू होत नाहीत, त्यामुळे तिथे कायदा अजून बाल्यावस्थेत आहे. १९९७चा करार नदीशी जोडलेल्या भूजलापुरताच आहे. विधी आयोगाने २००८ मध्ये सामायिक जलधरांवर १९ मसुदा कलमे केली आणि त्यांत हार्मनची आठवण यावी असा सार्वभौमत्वाचा उल्लेख पुन्हा आणला. अर्जेंटिना, ब्राझील, पॅराग्वे आणि उरुग्वे यांचा २०१०चा ग्वारानी जलधराचा करार २०२० मध्ये लागू झाला. जमिनीखालचे पाणी वाटून घेणारे असे करार जगात मोजकेच आहेत.

आकडे ठरवूनही वाद मिटत नाही, कारण नदी आकडा पाळत नाही. कोलोरॅडोचे वाटप ज्या वर्षांच्या नोंदींवर झाले ती ओली वर्षे होती. म्हणून अमेरिका आणि मेक्सिकोने २०१२ आणि २०१७ मध्ये १९४४च्या कराराला पुरवणी नोंदी जोडून टंचाईही वाटून घेण्याची सोय केली. मूळ कराराला धक्का न लावता तो बदलत ठेवण्याची ही पद्धत दक्षिण आशियात अभ्यासण्याजोगी आहे, कारण गंगेचा प्रश्न लगेचच समोर उभा आहे. फराक्का बंधारा १९७५ मध्ये चालू झाला. १२ डिसेंबर १९९६ रोजी देवेगौडा आणि शेख हसीना यांनी तीस वर्षांचा करार केला, आणि त्याची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. जानेवारी ते मे या काळात दर दहा दिवसांचा हिशेब होतो : प्रवाह ७०,००० क्युसेकपर्यंत असेल तर निम्मे-निम्मे, ७५,००० पर्यंत बांगलादेशाला ३५,००० आणि बाकी भारताला, त्यावर भारताला ४०,००० आणि उरलेले बांगलादेशाला. ऐन उन्हाळ्यात, ११ मार्च ते १० मे दरम्यान, एकाआड एक दहा दिवस प्रत्येकाला ३५,००० क्युसेकची हमी.

खालचा पक्ष : नव्या करारात हमी हवी, आणि मुदतीची टांगती तलवार नको. मी २०२५ मध्ये युरोपीय मूळ असलेल्या १९९२च्या जलकरारात सामील झालो तो याचसाठी.

वरचा पक्ष : हमी कशाची द्यायची? सूत्र १९४९ ते १९८८ च्या सरासरीवर बेतलेले आहे. फराक्क्याला आता तेवढे पाणी पोहोचेलच असे नाही, कारण वर उत्तर प्रदेश आणि बिहारही पाणी उचलतात. शिवाय पश्चिम बंगालला विचारल्याशिवाय सही करता येत नाही. २०११ मध्ये तीस्तेचा करार तिथेच अडला.

खालचा पक्ष : मग आधी फराक्क्याच्या वरचे, आजचे आकडे टेबलावर ठेवा. वाट्याचे नंतर बोलू.